महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७ – १ जून १९४४) हे मराठी चित्रकार, बोधचित्रकार व कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेशी त्यांचा विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून एक्केचाळीस वर्षे संबंध होता. वास्तववादी शैलीतील प्रसंगचित्रे, जलरंगातील समूहचित्रे आणि तत्कालीन समाजजीवनाची रेखाटने यांसाठी ते ओळखले जातात. वृद्धापकाळी त्यांनी लिहिलेले ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ (१९४०) हे आत्मवृत्त मराठीतील कलाविषयक लेखनात महत्त्वाचे मानले जाते.

बालपण व शिक्षण

धुरंधर यांचा जन्म पाठारे प्रभू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. संस्थानी वातावरणामुळे तेथे चित्रकलेला आश्रय होता. जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले चित्रकार आबालाल रहिमान यांचे काम त्यांना तेथेच पाहायला मिळाले. पुढे चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईस आले आणि जानेवारी १८९० मध्ये जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले.

त्या वेळी संस्थेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम त्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पार पाडले होते. हिंदी विद्यार्थ्याने पाश्चात्त्य पद्धतीचे रेखन आत्मसात करावे, मात्र विषय आपल्या अवतीभवतीच्या जीवनातून निवडावेत, याकडे त्यांचा कल होता. धुरंधरांच्या पुढील सर्व कामात याच दृष्टीचा ठसा दिसतो. १८९५ मध्ये ‘लक्ष्मी आलीस का?’ या घरगुती प्रसंगावरील चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

अध्यापन

१८९६ मध्ये धुरंधर जे. जे. स्कूलमध्येच शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे ते मुख्याध्यापक झाले आणि निवृत्तीपूर्वी काही काळ संचालकपदाचा कार्यभारही त्यांच्याकडे होता. ही बढती मिळेपर्यंत त्यांच्या सेवेची बहुतेक वर्षे सरली होती. त्या काळी संस्थेची सूत्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असत. ग्रिफिथ्स यांच्यानंतर सेसिल बर्न्स, ग्लॅडस्टन सॉलोमन असे प्रमुख आले आणि प्रत्येकाबरोबर संस्थेचे धोरण बदलत गेले. वर्गातील अध्यापनाचे सातत्य मात्र धुरंधरांसारख्या हिंदी शिक्षकांनी टिकवले. सा. ल. हळदणकर यांच्या पिढीचे चित्रकार त्यांच्या अध्यापनकाळातच संस्थेतून बाहेर पडले. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला. ३१ जानेवारी १९३१ रोजी ते निवृत्त झाले.

चित्रनिर्मिती

धुरंधरांनी तैलरंग व जलरंग ही दोन्ही माध्यमे हाताळली. पौराणिक व ऐतिहासिक विषय, विशेषतः शिवचरित्रातील प्रसंग, त्यांनी वारंवार रंगविले. लग्नसमारंभ, मिरवणुका, बाजार अशा दृश्यांत अनेक व्यक्तींची सहज मांडणी करणे हे त्यांचे वैशिष्ट्य होय. नऊवारी लुगडे नेसण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा, दागिने, पागोट्यांचे प्रकार, बसण्या-उठण्याच्या ढबी त्यांनी इतक्या बारकाईने टिपल्या, की वेशभूषेच्या अभ्यासकांनाही ही चित्रे उपयोगी पडतात.

त्यांची बोधचित्रेही विपुल आहेत. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक, तसेच ओटो रॉथफेल्ड यांचा भारतीय स्त्रियांवरील ग्रंथ धुरंधरांच्या चित्रांनी सजलेला आहे. रॉथफेल्ड यांच्या ग्रंथात त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. श्रावणात कोकणापासून वऱ्हाडापर्यंत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या सी. ए. किंकेड यांनी १९१४ मध्ये इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकातील चित्रेही धुरंधरांचीच. पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्या ‘सुवर्णमाला’ या नियतकालिकासाठी त्यांनी चित्रे काढली. शिळाप्रेसवरील रंगीत चित्रे आणि पोस्टकार्डे यांमुळे, प्रदर्शनाची पायरी कधीही न चढलेल्या माणसांच्या घरांतही त्यांची कला पोहोचली.

टीका व वाद

विसाव्या शतकाच्या आरंभी ई. बी. हॅवेल व आनंद कुमारस्वामी यांनी पाश्चात्त्य वास्तववादाचे अनुकरण हे भारतीय परंपरेपासून ढळणे होय, अशी भूमिका मांडली. त्याच सुमारास ओकाकुरा काकुझो आणि त्यांच्यामागून आलेले जपानी चित्रकार कोलकात्यात टागोर कुटुंबाच्या सहवासात होते. त्यांच्या संपर्कातून अवनींद्रनाथ टागोर यांनी पुसट रंगलेपनाची पद्धत घडवली. राष्ट्रीय कलेचा मान बंगालकडे गेला आणि मुंबईची शैली परकी ठरवली जाऊ लागली. धुरंधरांचे तंत्र पाश्चात्त्य होते, हे खरेच. परंतु त्यांच्या चित्रांतील माणसे, घरे व सणवार सर्वस्वी येथलेच होते. त्यामुळे परकेपणाचा हा शिक्का त्यांच्या बाबतीत अपुरा ठरतो.

आत्मवृत्त

उतारवयात स्वतःच्या कामाकडे वळून पाहणाऱ्या कलावंतांत जपानचे होकुसाई प्रसिद्ध आहेत. १८३४ मध्ये फुजी पर्वताच्या दृश्यांच्या ग्रंथाला जोडलेल्या निवेदनात त्यांनी सत्तरीपूर्वीचे आपले काम जमेस न धरण्याजोगे ठरवले होते. धुरंधरांनी त्र्याहत्तरीच्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्ताची चौकट वेगळी आहे. ८ जानेवारी १८९० ते ३१ जानेवारी १९३१ असा नेमका कालावधी त्यांनी उपशीर्षकात दिला. म्हणजे प्रवेशाच्या दिवशी कथन सुरू होते आणि निवृत्तीच्या दिवशी थांबते. संस्थेला त्यांनी ‘कलामंदिर’ म्हटले आणि आपले आयुष्य तिच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितले. जे. जे. स्कूलचा इतिहास प्रामुख्याने सरकारी अहवालांतून व इंग्रज प्रमुखांच्या लेखनातून मिळतो. तोच इतिहास हिंदी विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकाच्या बाजूने, तोही मराठीत सांगितला गेल्यामुळे या पुस्तकाचे मोल मोठे आहे.

मृत्यू व वारसा

धुरंधर १ जून १९४४ रोजी निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच आधुनिकतावादी चित्रकारांचा प्रभाव वाढला आणि त्यांची शैली मागे पडली. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) याही चित्रकार होत्या. वडिलांच्या चित्रांचा ठेवा त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन होय. औंध येथील श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रे पाहावयास मिळतात. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले आणि त्यांच्या चित्रांचा नव्याने विचार सुरू झाला.