आडनाव टाकून देणारा चित्रकार

आडनावावरून जात ओळखायची आणि जातीवरून माणसाची किंमत ठरवायची, ही या देशाची खोड तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, भाड्याची खोली शोधताना तुम्ही ती भोगलेली आहे. पण ज्या आडनावामुळे बसायला पाट मिळतो, तेच आडनाव आपण होऊन टाकणारे किती जण तुम्ही पाहिले? अशाच एका चित्रकाराची ही जीवनकथा आहे. त्यांचे नाव चित्तप्रसाद.

१९१५ साली बंगालमधील नैहाटी येथे ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण चितगावला झाले. हे शहर आज बांगलादेशात आहे. जातिभेदाचा निषेध म्हणून तरुणपणीच त्यांनी भट्टाचार्य हे आडनाव सोडले. पुढे जन्मभर ते नुसते चित्तप्रसाद राहिले. चित्रकला ते आपली आपणच शिकले. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या, तेव्हा चितगाव भागात लोकांना जागे करण्यासाठी ते पोस्टर रंगवू लागले. याच काळात ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले.

मग १९४३ साल उजाडले. बंगालच्या दुष्काळाचे ते साल. लक्षात घ्या, हा केवळ निसर्गाचा कोप नव्हता. युद्धामुळे तांदळाचे भाव भडकले, साठेबाजांनी कोठारे भरली, सरकारने किनारपट्टीवरच्या नावा काढून घेतल्या, आणि मजूर, कोळी, कारागीर यांच्या तोंडचा घास गेला. सुमारे ३० लाख माणसे मेली. मिदनापूर जिल्ह्याला तर आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, मोठ्या वादळाने झोडपले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद या जिल्ह्यात गावोगाव फिरले. सोबत काळी शाई आणि कागद. हाडांचे सापळे झालेली मुले, ओस पडलेल्या झोपड्या, रस्त्याकडेची प्रेते, सारे त्यांनी रेखाटले. एवढेच नव्हे, माणसाचे नाव काय, गाव कोणते, धंदा कोणता, हेही ते टिपून ठेवीत. सरकारदरबारी जो नुसता आकडा होता, त्याला त्यांनी नाव दिले. स्वतःचे जातीचे नाव टाकलेला हा माणूस उपाशी माणसांची नावे जपत होता!

ही रेखाटने व वर्णने ‘हंग्री बेंगॉल’, म्हणजे भुकेला बंगाल, या नावाने पुस्तकरूपाने निघाली. इंग्रज सरकारने त्याच्या ५००० प्रती जप्त करून जाळल्या. बंदूक नाही, बॉम्ब नाही, नुसती शाईची चित्रे. तरी राज्यकर्त्यांना त्यांची भीती वाटली. कारण चित्र वाचायला अक्षर लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही ते पाहतो आणि ओळखतो की, हा तर मीच!

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिले, अंधेरीला. त्याच वर्षी मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. त्यावरही त्यांनी चित्र काढले. इप्टा या लोकनाट्य संस्थेचे नगारा वाजवणाऱ्याचे बोधचिन्ह त्यांचेच. त्यांचे आवडते साधन लिनोकट. जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, चित्र उलटे कोरायचे, उरलेल्या उंच भागावर शाईचा रूळ फिरवायचा आणि वर कागद दाबायचा. एका ठोकळ्यावरून अनेक ठसे निघतात. तैलचित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात एकटेच लटकते. लिनोकटचे ठसे थोडक्या खर्चात घरोघर जातात. मोलमजुरी करणाऱ्या लहान मुलांवर त्यांनी कोरलेली चित्रमाला १९६९ साली डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने पुस्तकरूपाने छापली.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते पक्षापासून दूर झाले, पण गरिबांपासून दूर झाले नाहीत. पैसा आणि मानमरातब यांच्या मागे ते लागले नाहीत. तंगीत दिवस काढले, हाताने बाहुल्या बनवून मुलांसाठी खेळ केले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

आणि ते जाळलेले पुस्तक? त्याची एक प्रत घरच्या मंडळींनी बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली होती. त्या एका प्रतीवरून २०११ साली ते पुन्हा छापले गेले. सरकारने ५००० जाळल्या, पण एका कुटुंबाने एक सांभाळली आणि साक्ष जिवंत राहिली.

म्हणून वाचकहो, एक करा. तुमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी आणलेले पत्रक, एखाद्या मोर्चाचा फलक, पिवळा पडलेला फोटो ट्रंकेत असेल तर रद्दीत घालू नका. त्यातली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि मागच्या बाजूला लिहून ठेवा. आपल्या माणसांची नावे आपण लिहिली नाहीत, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.