रेव्ह. डॉ. जॉन विल्सन

रायगड जिल्ह्यांतील पेण व रोहें या गांवांवरून पडलेलीं पेणकर व रोहेकर हीं आडनांवें बेने-इस्राएल समाजांत आढळतात. तेलघाण्याचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक कोंकणांत शनवार-तेली म्हणून ओळखले जात. प्रायश्चित्ताच्या दिवशीं ते दारें लावून उपवास करीत. परंतु त्या दिवसाचा विधि ज्या शास्त्रांत आहे, त्याची इब्री भाषा त्यांस बहुतेक विसरली होती. ती शिकविण्यास ज्यांनीं हातभार लावला, त्या डॉ. विल्सन यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

विल्सन यांचा जन्म १८०४ सालीं स्कॉटलंडांतील लॉडर गांवीं झाला. १८२९ सालीं ते पत्नी मार्गारेट यांसह मुंबईस आले व मराठी शिकले. मार्गारेटबाईंनीं मुलींच्या शाळा काढल्या व १८३५ सालीं मुंबईसच देह ठेवला. विल्सन यांनीं १८३२ सालीं बेने-इस्राएलांकरितां मराठींत इब्री व्याकरण लिहिलें. त्याच वर्षीं स्थापिलेली त्यांची इंग्रजी शाळा पुढें विल्सन कॉलेज म्हणून नांवारूपास आली. १८३९ सालीं पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यामुळें बहुतेक विद्यार्थी शाळा सोडून गेले, तरी ते डगमगले नाहींत.

प्राचीन काळीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं महायाजक यज्ञाचें रक्त घेऊन परमपवित्र स्थानांत जाई, आणि एक बकरा लोकांचीं पातकें वाहून अरण्यांत जाई. इ. स. ७० मध्यें यरुशलेमाचें मंदिर पडलें व यज्ञ थांबले. उपवास तेवढा राहिला. हे यज्ञ केवळ छाया असून, ख्रिस्तानें वधस्तंभावर सर्वांकरितां एकदांच केलेलें आत्मार्पण हाच खरा यज्ञ, अशी विल्सन यांची श्रद्धा होती. मूळ शास्त्र वाचल्यास बेने-इस्राएलांसही हें पटेल, अशी त्यांस आशा वाटे.

ती आशा सफळ झाली नाहीं. फारच थोडे ख्रिस्ती झाले. उलट शास्त्राध्ययनानें बाकीचे पितृधर्मांत अधिक दृढ झाले, आणि पेण व रोहें येथें त्यांचीं प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं. तथापि मिशनच्या शाळांचीं दारें त्यांच्या मुलांस खुलींच राहिलीं.

१८६८ सालीं विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले, व १ डिसेंबर १८७५ रोजीं मुंबईंत निवर्तले. तारण हें मोल देऊन मिळत नाहीं, तें फुकट दिलेलें दान आहे, असें ते शिकवीत. घेणाऱ्यानें आपलें मत स्वीकारलें नाहीं म्हणून त्यांनीं विद्यादान थांबविलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, त्यांच्या उपदेशाचा अर्थ आम्हांस त्यांच्या या वर्तनांत अधिक स्पष्ट दिसतो.