वसईचा दुभाषी, नागासाकीचा रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया

वसईच्या भूमीने ख्रिस्तसभेला दिलेले अमूल्य रत्न म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये संतपदाचा मान प्रथम त्यांना लाभला. त्यांच्या नावाने आपल्याकडे चर्च आहे, महाविद्यालय आहे. तरीही त्यांचे जीवन पुन्हा वाचावे असे आहे. कारण परक्या देशात, परक्या भाषेत, दोन वंशांच्या सीमेवर उभे राहून त्यांनी आपली श्रद्धा जपली.

इ.स. १५३४ पासून वसई पोर्तुगीज सत्तेखाली होती. १५५६च्या सुमारास या नगरीत गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसाहतीच्या समाजात अशा मुलाचे स्थान अवघड असे. राज्यकर्ते त्याला पूर्णपणे आपला मानत नसत आणि स्थानिकांना तो फिरंग्यांपैकी वाटे. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. तेथील फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांच्याबरोबर वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे तीच त्यांच्या सेवेचे साधन ठरली. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून ते जपानी लोकांमध्ये वावरले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्याबाबत वरिष्ठांचे धोरण प्रतिकूल होते. हा नकार पचविणे सोपे नव्हते. ते व्यापारात उतरले आणि त्यात त्यांना यशही लाभले. परंतु संपत्तीने मनाची ओढ शमली नाही. व्यापारानिमित्त मनिलाला जाणे-येणे असताना फ्रान्सिस्कन बंधूंशी त्यांचा परिचय झाला. सर्व व्यवसाय सोडून त्यांनी त्या संघात ब्रदर म्हणून प्रवेश केला. ते धर्मगुरू झाले नाहीत. अखेरपर्यंत साधे ब्रदरच राहिले.

१५९३ साली फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठविले. त्यांचे दुभाषी होते ब्रदर गोन्सालो. काम नाजूक होते. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७मध्येच काढला होता. शिवाय जपानचे मिशनकार्य येशूसंघाकडेच असावे असा पोपमहोदयांचा १५८५चा निर्णय असल्याने दोन्ही संघांत तणाव होता. स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एक झाला होता, तरी त्यांच्या व्यापाऱ्यांमधील स्पर्धा संपली नव्हती. या ताणतणावांत क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी चर्च आणि गोरगरिबांसाठी रुग्णालये उभारली.

ऑक्टोबर १५९६मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. त्यावरील माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या पाठोपाठ स्पेनचे सैन्य येईल असा संशय बळावला. डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. राजांच्या महत्त्वाकांक्षेचा जाब नि:शस्त्र सेवकांना द्यावा लागला.

कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, संत पौल मिकी यांच्यासह तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. ज्या संघाचे दार गोन्सालो यांना उघडले नव्हते, त्याच संघाच्या बंधूंच्या रांगेत त्यांचाही क्रूस उभा राहिला.

१६२७मध्ये त्यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. नागासाकीचे ओउरा चर्च या सव्वीस रक्तसाक्ष्यांना अर्पण केलेले आहे. धर्मगुरूंविना सात पिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपलेले जपानी ख्रिस्ती १८६५ साली याच चर्चमध्ये पुढे आले. पोप फ्रान्सिस यांनीही २४ नोव्हेंबर २०१९ रोजी निशिझाकाला जाऊन या रक्तसाक्ष्यांना वंदन केले.

१७३९मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज निघून गेले. श्रद्धा मात्र इथल्या वाड्यांत, इथल्या बोलींत टिकून राहिली. सत्तेबरोबर आलेली गोष्ट सत्तेबरोबर जाते. मनात रुजलेली राहते. म्हणून आपला धर्म परक्यांचा आहे असे कोणी म्हटले, तर खजील होण्याचे कारण नाही.

आज आपली मुले-मुली नोकरीनिमित्त आखाती देशांत, युरोपात, कॅनडात जात आहेत. तेथेही आपण नक्की कोण, हा प्रश्न त्यांना भेटतोच. गोन्सालो यांनी तो वाद घालून सोडविला नाही. ज्या लोकांत गेले त्यांची भाषा ते शिकले, त्यांच्या रुग्णांची सेवा त्यांनी केली आणि वेळ आली तेव्हा त्यांच्यासोबत प्राण दिले. परदेशी निघालेल्या आपल्या मुलांच्या शिदोरीत या संताचे स्मरणही असू द्यावे.