ग्रेस हॉपर : संगणकाला दुभाषी मिळवून देणाऱ्या बाई

समजा, सौंदडमध्ये कुणीतरी मोबाईलवर एका जुन्या वेबसाइटचा फॉर्म भरतंय. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव. नाव टाकलं, तारीख टाकली, बटण दाबलं आणि पुढे काहीच होईना. तक्रार फिरत फिरत पुण्यात बसलेल्या प्रोग्रामरकडे पोचते. तो एररचा मेसेज उघडून बघतो, तर तिथे लिहिलंय की तिसऱ्या ओळीत ‘एफडी’ नावाची वस्तू रिकामी आहे. आता पंचाईत अशी, की या गड्याने आपल्या प्रोग्राममध्ये ‘एफडी’ नावाचं काही लिहिलेलंच नाही.

त्याने लिहिला होता जावा भाषेतला प्रोग्राम. मोबाईलच्या ब्राउझरला जावा कळत नाही, त्याला कळतं जावास्क्रिप्ट. नावं सारखी असली तरी या दोन भाषांचं एकमेकींशी फारसं नातं नाही. २००६ साली गूगलने ‘जीडब्ल्यूटी’ म्हणजे गूगल वेब टूलकिट आणलं. तुम्ही जावात लिहा, त्याचं जावास्क्रिप्ट आम्ही करून देतो, असा त्याचा सौदा. हे भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. फाइल लहान व्हावी म्हणून तो लांबलचक नावं कापून दोन-दोन अक्षरांची करतो. म्हणून चूक सापडते ती भाषांतरात, दुरुस्त करायची असते मूळ लेखनात, आणि मधला दुभाषी काही बोलत नाही.

असा दुभाषी असू शकतो, हे ज्यांनी सगळ्यात आधी करून दाखवलं त्यांच्यात एका बाईंचं नाव फार वर आहे. ग्रेस हॉपर. प्रोग्रामर मंडळींना त्या माहीत असतात त्या एका पतंगाच्या गोष्टीमुळे. तो पतंग पुढे येईलच, पण खरं काम त्याच्या नंतरचं आहे.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव ग्रेस ब्रूस्टर मरे. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी ते उघडलं. पुन्हा जुळवता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. घरातली सात घड्याळं सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आलं, आणि यापुढे फक्त एकाच घड्याळाशी खेळायचं असा तह झाला. व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी, येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि व्हासारमध्येच शिकवायला सुरुवात झाली. बायकांनी गणितात डॉक्टरेट मिळवणं तेव्हा अमेरिकेतही दुर्मीळ होतं.

युद्ध आलं नसतं तर त्या प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या. पण १९४३ च्या डिसेंबरात त्या नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. वय ३७, आणि वजन नौदलाच्या अटीपेक्षा सुमारे सात किलो कमी. खास सूट मिळवावी लागली. त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली. तिथे ‘मार्क वन’ नावाचं यंत्र होतं. लांबी १५ मीटरच्या वर, वजन जवळपास पाच टन. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. तोफांच्या माऱ्याची कोष्टकं, जहाजांची गणितं अशी कामं यंत्रावर रात्रंदिवस चालत. अणुबॉम्बच्या स्फोटाचं एक गणित घेऊन जॉन फॉन नॉयमनही तिथे आले होते. या यंत्राचं ५६१ पानांचं माहितीपुस्तक हॉपरबाईंनी तयार केलं.

आता तो पतंग. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डमध्ये पुढचं यंत्र ‘मार्क टू’ तपासलं जात होतं. काहीतरी अडत होतं. शोधता शोधता एका रिलेमध्ये मेलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला आणि खाली नोंद झाली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. ‘बग’ हा शब्द यातून जन्मला असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. विनोद तोच होता, की या वेळी खरोखरचा किडा निघाला. पतंग बाईंनी स्वतः शोधला नव्हता, पण पुढे भाषणांत त्यांनी ही गोष्ट इतकी रंगवली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

बाईंना छळणारे बग वेगळेच होते. पट्टीवर वर्गमूळ काढायच्या, साइन काढायच्या आज्ञा पुन्हा पुन्हा लागत. म्हणून सगळे आपापल्या वह्यांत चालणारे तुकडे उतरवून ठेवत आणि नव्या कामात ते हाताने नकलत. नकलताना पत्ते बदलावे लागत, म्हणजे प्रत्येक आकड्यात बेरीज. आणि माणूस तिथेच चुकतो. घाईत लिहिलेला इंग्रजी ‘बी’ पुढच्याला १३ वाटे. कोऱ्या जागेसाठी काढलेला त्रिकोण चार होऊन बसे. ज्यांनी जमीन मोजणीचे जुने कागद हाताने उतरवलेले बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाईंच्या मनात आलं, की न चुकता नक्कल आणि बेरीज करणं हे तर यंत्राचंच काम आहे, ते माणसाच्या गळ्यात कशाला?

पण तिथपर्यंत पोचायच्या आधी वाईट दिवस आले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमधली मुदत १९४९ मध्ये संपली आणि तिथे बाईंना कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. या काळात दारूचं व्यसनही बळावलं होतं. गौरवपर लेखांतून हा भाग बहुधा गाळला जातो. पण चाळिशी ओलांडलेल्या, घर आणि नोकरी दोन्ही गमावलेल्या बाईने फिलाडेल्फियातल्या एका नव्या, पैशांची चणचण असलेल्या कंपनीत जाणं किती जोखमीचं होतं, हे त्याशिवाय कळत नाही. एकर्ट आणि मॉकली यांची ही कंपनी ‘युनिव्हॅक’ संगणक बनवत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

तिथल्या ‘बायनॅक’ यंत्राचं काम अष्टमान पद्धतीत चाले, म्हणजे सातानंतर थेट दहा. बाई त्यात इतक्या मुरल्या की बँकेच्या चेकबुकाचा हिशेब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने तपासलं तेव्हा कळलं, की बाई अधूनमधून बेरजा अष्टमानात करत होत्या. माणसाने किती दिवस यंत्राच्या भाषेत जगायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी असा घरापर्यंत आला.

१९५१-५२ मध्ये त्यांनी ‘ए-झीरो’ तयार केला. प्रोग्रामरने फक्त तुकड्यांचे क्रमांक द्यायचे. ते टेपवरून शोधणं, जोडणं, पत्ते बदलणं हे सगळं यंत्र करी. आजच्या व्याख्येत हा पूर्ण कंपायलर बसत नाही, त्याला फार तर जोडणी करणारा प्रोग्राम म्हणतील. पण ‘कंपायलर’ हा शब्द रुळला तो इथूनच. संगणक फक्त गणित करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणून बरेच दिवस कुणी त्याला हात लावेना.

त्यापुढची उडी ‘फ्लो-मॅटिक’ची. धंद्यातली माणसं बीजगणितातल्या चिन्हांना बिचकतात, त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहू द्याव्यात, असं बाईंचं म्हणणं होतं. पैसे मिळावेत म्हणून त्यांनी साहेबांना नमुना करून दाखवला. इंग्रजीत लिहिलेला प्रोग्राम, मग तोच फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये. यंत्राला तिन्ही सारखेच, शेवटी शब्द म्हणजे खुणाच. साहेब मात्र हादरले. अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कशी समजेल? मग बाईंना फक्त इंग्रजीवर काम करायचं आश्वासन द्यावं लागलं. तेव्हा साहेबांनी थोडा दम धरला असता तर मराठीतून आज्ञा लिहायलाही तांत्रिक अडचण अशी नव्हतीच.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने बैठका झाल्या आणि त्यातून ‘कोबॉल’ ही भाषा आली. ती एकट्या हॉपरबाईंनी केली हा गैरसमज आहे. ती समितीने केली, बाई सल्लागार होत्या, पण तिचा सांगाडा बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. १९६० च्या डिसेंबरात जवळपास एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला.

याचं मोल सौंदडकरांना चटकन कळेल. गावावरून जाणारी गोंदिया–चांदा फोर्ट लाइन पूर्वी नॅरोगेज होती आणि गोंदियाला हावडा–नागपूर ब्रॉडगेज. डबा एका रुळावरून दुसऱ्यावर जात नसे, माणसाला बोचकी घेऊन उतरावं लागे. संगणकांचं तेच होतं. कंपनी बदलली की प्रोग्राम पहिल्यापासून लिहा. कोबॉलने प्रोग्राम तोच ठेवला आणि प्रत्येक यंत्राला आपापला दुभाषी दिला. जीडब्ल्यूटी हेच करतं. एका जावा प्रोग्रामची वेगवेगळ्या ब्राउझरांसाठी वेगवेगळी भाषांतरं तयार करतं.

अर्थात दुभाषी चुकतात, आणि दोन दुभाषी एकाच वाक्याचे दोन अर्थ लावतात. बाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध यातच गेला. १९६६ च्या अखेरीस वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ च्या ऑगस्टात सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळपास १९ वर्षं चालले. प्रत्येक कंपनीचा कोबॉल हळूहळू वेगळा वळत चालला होता. बाईंच्या गटाने परीक्षेचे प्रोग्राम तयार केले. नवा कंपायलर आला की आधी या परीक्षेला बसायचं, पास झाला तरच खरेदी.

जावातून जावास्क्रिप्टमध्ये जाताना या परीक्षेची गरज अजून आहे. जावात सात पूर्णांकाला दोनने भागलं तर तीन येतात, जावास्क्रिप्टमध्ये साडेतीन. कंपायलरला ती अर्धी कापायची आठवण ठेवावी लागते. यादीच्या बाहेरचा क्रमांक मागितला की जावा तिथल्या तिथे ओरडतं, जीडब्ल्यूटीचं तयार जावास्क्रिप्ट गप्प बसून पुढे जातं. म्हणजे आपल्या मशीनवर जावात सगळं तपासलं तरी सौंदडच्या मोबाईलवर दुसरंच घडू शकतं. सुरुवातीला जीडब्ल्यूटीवाले ब्राउझरला प्लगइन जोडून मूळ जावाच चालवत आणि त्यातच बग शोधत. पुढे ब्राउझरांनी असले प्लगइन बंद केले. २०१४ च्या आवृत्तीपासून नेहमीची पद्धत बदलली. भाषांतरच चालवायचं, सोबत ‘सोर्स मॅप’ नावाची फाइल ठेवायची, आणि ‘एफडी’ म्हणजे मुळात कोणतं नाव, कोणती ओळ, हे तिच्यातून शोधायचं. कापलेल्या नावाचा सातबाराच म्हणा ना. पुण्यातल्या त्या प्रोग्रामरने ही फाइल जपून ठेवली असेल तर त्याचं काम तासाभराचं. नसेल, तर नावं न कापता सगळं पुन्हा कंपाइल करून तोच दोष पुन्हा घडवून आणायचा. आणि मधे जीडब्ल्यूटीची आवृत्ती बदलली असेल, तर जुन्या चाचण्या आधी चालवून बघायच्या.

बाईंना हे बदल आवडले असते, असं त्यांच्या स्वभावावरून वाटतं. चालत आलंय म्हणून चालू ठेवायचं, याची त्यांना चीड होती. कचेरीत त्यांनी उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ लावलं होतं. भाषणाला जाताना ३० सेंटिमीटरच्या तारा घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे हातात धरून कळावं म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. वय ७९. नंतर डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र बघायची त्यांची इच्छा होती. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्यांचं निधन झालं. त्या १९९९ च्या रात्री मुंबई-पुण्यासह जगभरचे प्रोग्रामर जागे होते. कोबॉलच्या जुन्या प्रोग्रामांत साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं, आणि बारा वाजल्यावर यंत्र ००चा अर्थ काय लावतं याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.