किंमत ओळखणारा माणूस : अकिओ मोरिता

'सोनी सीडीपी-१०१' हा बाजारात आलेला पहिला सीडी प्लेअर. १ ऑक्टोबर १९८२ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत होती १,६८,००० येन. आज गाणी मोबाइलवर ऐकता येतात, तरी शौकीन लोक हा जुना डबा शोधत फिरतात आणि चालू स्थितीतला मिळाला तर खुशीने पैसे मोजतात. असं का? याचं उत्तर सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना १९५० च्या सुमारास, चक्क जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं होतं!

मोरितांचा जन्म २६ जानेवारी १९२१ चा, नागोया शहरातला. तांदळापासून साके नावाची दारू बनवण्याचा घराण्याचा धंदा जवळजवळ तीनशे वर्षांचा, आणि अकिओ पंधराव्या पिढीतला थोरला मुलगा. म्हणजे गादी कोणाची, हे जन्मताच ठरलेलं. पण आईला पाश्चात्त्य संगीताची आवड होती. तिच्यामुळे घरात विजेवर चालणारा फोनोग्राफ आला आणि त्याचा आवाज ऐकून पोरगा खुळावला. सर्किट जोडण्याच्या नादात शाळेत तो पार मागे पडला. मग वर्षभर झटून अभ्यास केला आणि पुढे १९४४ मध्ये ओसाका विद्यापीठातून फिजिक्सची पदवी घेतली.

युद्धकाळात नौदलात असताना संशोधनाच्या कामात त्यांची मासारू इबुका यांच्याशी ओळख झाली. इबुका तेरा वर्षांनी मोठे, पक्के इंजिनिअर. युद्ध संपल्यावर दोघांनी कंपनी काढायचं ठरवलं. पण थोरल्या मुलाने घरचा धंदा सोडायचा? त्या काळच्या जपानमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. इबुका स्वतः मोरितांच्या वडिलांची परवानगी मागायला गावी गेले. वडिलांनी मन मोठं केलं, मुलाला मोकळं सोडलं आणि पुढे वेळोवेळी पैशांचीही मदत केली. ७ मे १९४६ रोजी टोकियोत वीसेक माणसांची कंपनी उभी राहिली. तिचं 'सोनी' हे नाव १९५८ चं.

त्यांनी टेप रेकॉर्डर बनवायला घेतला, पण टेप कुठून आणायची? रसायन चक्क तव्यावर भाजून त्याची भुकटी केली आणि ब्रशने कागदी पट्टीवर लावली! १९५० मध्ये यंत्र तयार झालं. वजन तीस किलोंच्या वर, किंमत दीड लाख येनहून जास्त. नव्या पदवीधराला तेव्हा महिन्याला दहा हजार येनसुद्धा मिळत नव्हते. लोक यायचे, स्वतःचा आवाज ऐकून खूश व्हायचे आणि हात हलवत परत जायचे. विक्री शून्य.

अशातच मोरितांनी एका दुकानात एक गिऱ्हाईक पाहिलं. त्याने एक जुना रांजण यांच्या यंत्राहून जास्त पैसे मोजून, घासाघीस न करता उचलला. मोरितांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रांजणाचं मोल त्या माणसाला कळत होतं. टेप रेकॉर्डरचं मोल कळणारा माणूस आपण शोधलाच नव्हता. मग शोध सुरू झाला. न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती. तिथे वीसेक यंत्रं बघता बघता खपली.

पुढे हाच धडा त्यांनी जगभर चालवला. १९५५ मध्ये बुलोव्हा या अमेरिकन कंपनीने एक लाख ट्रान्झिस्टर रेडिओ मागितले, पण अट अशी की नाव त्यांचं लावायचं. घरून तारा आल्या, ऑर्डर घ्या म्हणून. मोरितांनी नकार दिला. १९७९ मध्ये रेकॉर्डिंगची सोय नसलेला टेप प्लेअर कोण घेणार, अशी शंका निघाली. मोरिता ठाम राहिले आणि वॉकमन जगभर गाजला. अर्थात बीटामॅक्स व्हिडिओत सोनी हरली, तेही विसरता येणार नाही.

सीडी हे फिलिप्स आणि सोनीचं एकत्र काम. सोनीत त्याची धुरा नोरिओ ओगा यांच्याकडे होती. ओगा मूळचे गायक, त्यांना आग्रह करून कंपनीत आणलं ते मोरितांनीच. १९९३ मध्ये टेनिस खेळताना मोरितांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३ ऑक्टोबर १९९९ रोजी ते गेले.

आता त्यांच्या कंपनीचा प्लेअरच त्या रांजणाच्या जागी जाऊन बसलाय! फरक एवढाच, की रांजणाला सर्व्हिसिंग लागत नाही. जुन्या प्लेअरचा ट्रे अडकला तर बहुधा रबरी बेल्ट सैल झालेला असतो किंवा ग्रीस सुकलेलं असतं. ट्रॅक उडत असतील तर आधी भिंगावरची धूळ हलक्या हाताने पुसून पाहावी. पण लेझरच क्षीण झाला असेल तर पुसून उपयोग नाही. जुने पिकअप आता बनत नाहीत, म्हणून जाणकार एक बंद पडलेला प्लेअरही सुट्या भागांसाठी घेऊन ठेवतात. विकत घेताना आपली सीडी सोबत न्यावी आणि शेवटचा ट्रॅकही वाजवून बघावा.

आणि हो, फायनल इयरचं प्रोजेक्ट चाललं की आपण पार्टी करून मोकळे होतो. मोरितांचं यंत्रही चाललं होतं. ते कोणाला हवंय, हे शोधायचं काम त्यानंतर सुरू झालं.