निकोलस कल्पेपर

आपण पितो त्या औषधात काय आहे व ते कशासाठी दिले आहे, हे रोग्यास कळू नये, अशीच जणू व्यवस्था एके काळी इंग्लंड देशात होती. त्या व्यवस्थेवर घाव घालणाऱ्या एका मनुष्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

निकोलस कल्पेपर ह्याचा जन्म १६१६ साली झाला. त्याचा बाप पाळक होता, परंतु मुलाचे तोंड पाहण्यापूर्वीच तो वारला. आई तान्ह्या मुलास घेऊन ससेक्स परगण्यात आयसफील्ड गावी आपल्या बापाकडे राहिली. हा आजोबाही पाळकच. नातवाने उपदेशक व्हावे ह्या हेतूने त्याने त्यास केंब्रिज येथे पाठविले, पण निकोलस पदवी न घेताच तेथून निघाला. एका श्रीमंत मुलीशी त्याचे गुप्तपणे लग्न ठरले होते व ती वाटेतच वीज पडून मेली, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, आजोबाचा आश्रय तुटला आणि तरुण कल्पेपर लंडनमध्ये एका औषधविक्याच्या दुकानी उमेदवार राहिला, एवढे खरे.

त्या दुकानात त्याने जे पाहिले, तेच त्याच्या आयुष्याचे काम झाले. लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ साली औषधे तयार करण्याचा एक ग्रंथ छापिला होता, तो सर्व लॅटिन भाषेत. वैद्य लॅटिनमध्ये चिठ्ठी लिही, औषधविक्या ती वाचून कुटी, मिसळी, आणि रोगी पैसे देऊन मुकाट्याने पिई. वैद्याची फी मजुराच्या आवाक्यापलीकडची. दारची वनस्पती ज्या दुखण्यावर गुणकारी मानिली जाई, तिच्यासाठी गरिबाने दूरदेशीची महाग द्रव्ये विकत घ्यावी, हे कल्पेपरास सहन होईना.

१६४० साली ॲलिस फील्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिने आणिलेल्या पैशांवर त्याने शहराच्या कोटाबाहेर स्पिटलफील्ड्स येथे घर केले व गरिबांस तपासू लागला. पुढे यादवी युद्धात तो पार्लमेंटच्या बाजूने गेला आणि १६४३ साली न्यूबरीच्या लढाईत त्याच्या छातीस जखम झाली.

१६४१ नंतर छापखान्यांवरील जुना जाच सुटला होता. त्याचा लाभ घेऊन कल्पेपराने १६४९ साली वैद्यमंडळाचा तो ग्रंथ इंग्रजीत उतरवून छापिला. नुसते भाषांतर करून तो थांबला नाही. मूळ ग्रंथात द्रव्ये व मापे होती, पण औषध कोणत्या दुखण्यावर द्यावे हे नव्हते. ते त्याने प्रत्येकापुढे लिहिले. लॅटिनमध्ये शास्त्र कोंडून ठेवून पोपाने लोकांस वचनापासून दूर ठेविले, तसेच वैद्यांनी वैद्यकाचे केले, असे तो उघड म्हणे. वैद्यांचा पक्ष संतापला. राजपक्षाच्या एका वर्तमानपत्राने त्यास दारुडा व नास्तिक ठरविले.

१६५१ साली त्याने सुइणींसाठी पुस्तक लिहिले. त्याची स्वतःची सात मुले झाली, त्यांपैकी एकच मुलगी त्याच्यामागे जगली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पुस्तकामागचे दुःख कळते. १६५२ साली त्याचा वनस्पतींचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. वनस्पती दिसते कशी, उगवते कोठे, फुलते केव्हा, उपयोगी कशावर, हे सर्व शेतकऱ्यास समजेल अशा बोलीत. किंमत तीन पेन्स.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. प्रत्येक वनस्पतीवर अमुक ग्रहाची सत्ता आहे असे तो मानी, व ग्रह पाहून रोगाचे निदान करी. त्याच्या पुष्कळ औषधांस आजचे वैद्यक मान्यता देत नाही. कित्येक तर अपायकारकच होत. सोप्या भाषेत लिहिलेली चूकही तितक्याच सहज घरोघर पोहोचते, आणि कल्पेपराच्या चुका फार लांबवर पोहोचल्या.

ती जखम, क्षय व तंबाखूचे अतोनात व्यसन ह्यांनी त्याचे शरीर पोखरले होते. १६५४ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, तो मरण पावला. त्याचा वनस्पतिग्रंथ १७०८ साली अमेरिकेत बॉस्टन येथे छापिला गेला. इंग्लंडातील अधिकृत औषधग्रंथ मात्र लॅटिन सोडून इंग्रजीत येण्यास १८६४ साल उजाडावे लागले.