शल्यविशारद जॉन हंटर



नांदेड-लातूरकडील आपल्या पुष्कळ घरांतून आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असते. यशस्वी विद्यार्थ्यांचा गौरव करताना आम्हांस धन्यता वाटते. पण थोडक्या गुणांनी ज्यांची संधी हुकली, त्यांच्या घरी पसरलेली खिन्नताही आमच्या दृष्टीआड नाही. म्हणून शाळेत ज्याचे मन कधी रमले नाही आणि विद्यापीठाची पदवी ज्याने मिळविली नाही, अशा एका थोर शल्यविशारदाचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ साली स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांतील ते शेंडेफळ. पुस्तकांपेक्षा पशुपक्षी व किडामुंगी यांकडेच त्यांचा ओढा अधिक. विसाव्या वर्षी ते लंडनला वडील बंधू विल्यम यांच्या शरीररचनाशास्त्राच्या शाळेत गेले, आणि शवविच्छेदनात त्यांचा हात असा बसला की लवकरच ते इतरांना शिकवू लागले.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असते, त्यास कूर्चा म्हणतात. ती एकदा नष्ट झाली की पूर्ववत भरून येत नाही, असे विल्यम यांनी १७४३ मध्येच लिहून ठेविले होते. जॉन यांनी पुढे हाडे कशी वाढतात याचा शोध घेतला. डुकराच्या पिलाच्या पायाच्या हाडात त्यांनी शिशाच्या दोन गोळ्या बसविल्या. हाड लांब झाले, पण गोळ्यांमधील अंतर तेवढेच राहिले. म्हणजे हाडाची लांबी टोकांकडे वाढते, हे सिद्ध झाले. मंजिष्ठेच्या जातीची मुळी जनावरांना खाऊ घालून, नवे हाड कोठे साठते हे त्यांनी तांबड्या रंगावरून दाखविले.

१७६७ च्या सुमारास नृत्य करताना त्यांच्याच टाचेमागील जाड कंडरा तुटली. खेळाडूंच्या नेहमीच्या दुखापतींपैकी ही एक. त्यांनी पट्टी बांधून व टाच उंच ठेवून स्वतःवर उपचार केले, आणि तुटलेली कंडरा कशी सांधते हे कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले. पुढे १७८५ साली गुडघ्यामागील रक्तवाहिनी फुगलेल्या एका गाडीवानाचा पाय न कापता, मांडीतील रोहिणी बांधून त्यांनी तो वाचविला.

देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचेच शिष्य. नुसता तर्क करीत न बसता प्रयोग करून पाहावा, हीच त्यांची शिकवण होती.

त्यांच्या चरित्रास डागही आहे. चार्ल्स बर्न नामक अतिउंच माणसाची इच्छा आपला देह समुद्रात सोडावा अशी होती. ती डावलून १७८३ मध्ये हंटर यांनी त्याचे शव मिळविले व सांगाडा संग्रहात ठेविला. लंडनचे हंटर संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तो सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला. ज्ञानाची तहान कितीही मोठी असो, माणसाच्या अखेरच्या इच्छेपुढे तिने थांबले पाहिजे, असे आमचे मत आहे.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत त्यांना मृत्यूने गाठले. आवश्यक प्रमाणपत्रे नसलेल्या दोन तरुणांना प्रवेश मिळावा, म्हणून ते त्या दिवशी तेथे गेले होते. तेथे वाद झाला, आणि आधीच दुबळे झालेले त्यांचे हृदय थांबले.

विल्यम यांनी नोंदविलेला प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. रोग्याच्याच कूर्चेतील पेशी वाढवून पुन्हा गुडघ्यात बसविण्याचे प्रयोग स्वीडनच्या वैद्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. तरी मूळच्यासारखी कूर्चा परत आणणे आजही दुर्घटच आहे. यात्रेच्या फडात गुडघा गमावलेला मल्ल आणि शेतात राबून गुडघे झिजलेली माउली आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी हे कोडे सोडविणारा आपल्याच मुलांमुलींतून निघावा, अशी आमची इच्छा आहे. एका परीक्षेने ज्याचे दार बंद झाले, त्याने हंटर यांचे स्मरण करावे. आणि वडीलधाऱ्यांनी, ते शेवटच्या दिवशी कोणासाठी भांडले, हे ध्यानी धरावे.